खिंडीतला सायरन

डोंगरातल्या नारिनहून राजधानीला, बिश्केकला रोगी नेणं तुरातला नवं नव्हतं. अकरा वर्षं तो रुग्णवाहिका चालवत होता. त्या दिवशी मागे कालमात होता, उभा जन्म डोंगरात मेंढरं राखलेला म्हातारा. हृदय थकलेलं, सोबतीला घरचं कुणी नाही. आयझारकिन नर्स तेवढी त्याची नाडी धरून बसली होती.

"सायरन लाव की रे पोरा," म्हातारा म्हणाला.

"काही नको," आयझारकिननं दटावलं. "त्या आवाजानं धडधड वाढते, बाबा. आणि ड्रायव्हरला चेव येतो तो वेगळाच! रस्ता तर मोकळाच आहे."

"आजवर मला कुणी वाट दिली नाही गं... एकदा ऐकू दे."

खिंडीत भर दुपारी धुकं उतरलं. ना गाडी, ना माणूस, ना कुत्रं. तुरातचा बापही असाच एकटा गेला होता. त्यानं बटण दाबलं.

आवाज धुक्यात घुमला, आणि रस्त्यातली माणसं बाजूला झाली.

माणसं? इथं?... उंच टोप्या, छातीवर हात, दोन्ही कडांना रांग. तोंड एकाचंही दिसेना. बंद काचेतून ओल्या लोकरीचा वास आत आला.

"माझा भाऊ आहे का रे त्यांच्यात?" पडल्या पडल्या कालमातनं विचारलं. "बर्फात गेला तो... बत्तीस वर्षं झाली."

"बंद कर ते! नाडी लागत नाहीये!" आयझारकिन ओरडली.

सायरन थांबला. त्याबरोबर एक जण रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. तुरातनं कचकन ब्रेक दाबला.

"ताई... हा हटत नाही..."

"वाजवलास तर बाबा हाताचे जातील."

तुरातनं काच खाली केली. "दादा... आजारी माणूस आहे. वाट द्या..."

बऱ्याच वेळानं ती आकृती हलली आणि गाडीला घासून मागे गेली. मागच्या दाराची कडी एकदा वाजली. आयझारकिननं ती आतून दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग काहीच नाही.

संध्याकाळी कालमात जिवंत पोचला. त्याला वॉर्डात सोपवून आयझारकिन तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात तुरात एकटाच परतला. खिंडीत दोन्ही कडांच्या बर्फात अनवाणी पावलं उमटली होती, सगळी रस्त्याकडे तोंड करून. त्यातली एकच जोडी जागची हलली होती. ती पावलं कडेकडेनं बिश्केककडे गेली होती.

परतीचं पाऊल एकही नव्हतं.