कोरडं तळघर

आधीच सांगते, मला रचून काही सांगता येत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी माझा चेहरा चुगली करतो. हे घडलं तेव्हा मी तिथे होते. पहारीने फाटलेल्या तळहाताचा वण अजून आहे.

सन १९७८. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. कलकत्ता, बालीगंज.

भुतं म्हणे रात्री येतात. हे भर दुपारी आलं.

आदल्या वर्षी ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नागपूरहून तिकडे बदली झाली होती. चारुदत्त त्यांचं नाव. सरकारी कंपनीत इंजिनिअर. एका जुन्या घराचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला. वरच्या मजल्यावर घरमालकीण, एकट्याच, वयस्कर विधवा. सगळे त्यांना मासीमा म्हणत, म्हणून आम्हीही.

घराखाली तळघर होतं.

आणि अंगणाचा उतार… घराकडे होता.

पावसाचं सगळं पाणी बाहेरच्या पायऱ्यांवरून थेट तळघरात उतरायचं. पहिल्या पावसाळ्यात ते गळ्याइतकं भरलं आणि दिवाळी उलटून गेली तरी तसंच राहिलं. जोत्याला पाणी लागलेलं पाहून ह्यांचा जीव खालीवर व्हायचा.

"कुठल्या गाढवाने हा उतार काढला?"

मासीमा वरून म्हणाल्या, "जॉल जेते दाओ, बाबा." पाणी जाऊ दे.

हे कुणाचं ऐकतील तर ना! उन्हाळ्यात ह्यांनी अंगणात भर घालून उतार बाहेर फिरवला. गटारापर्यंत चर खणला. तळघराचे झरोके सिमेंटने बुजवले आणि पायऱ्यांच्या तोंडाशी मांडीइतका उंच विटांचा बांध घातला. मासीमा खिडकीतून बघत होत्या.

त्या पावसाळ्यात तळघरात थेंब गेला नाही.

आणि मग…

भरून ठेवलेली कळशी सकाळी रिकामी मिळायला लागली. फरशी मात्र कोरडी. मी उगाच मोलकरणीवर करवादले.

मग जमिनीखालून आवाज यायला लागला. खरखरीत जिभेने कुणी भिंत चाटावी तसा…

मग ठोके.

"घुशी असतील," हे म्हणाले.

एका सकाळी आमच्या डोळ्यांदेखत पाण्याचा माठ फुटला. कुणी हात लावला नव्हता. एक खापरी समोरच्या भिंतीत रुतून बसली.

"घुशी माठ फोडतात का हो?"

"अगं, उन्हाने तडकला असेल."

"भर पावसाळ्यात?"

ह्यांनी पेपर वर धरला.

मग तो पाऊस आला. पितृपंधरवडा चालू होता. दिवसरात्र नुसता कोसळत होता. गल्ल्यांतून होड्या फिरायला लागल्या. वीज गेलेली. चर, गटार, रस्ता सगळं एक झालं आणि अंगणातलं पाणी बांधाच्या काठाला टेकलं.

बांध हलला नाही.

"सगळं शहर बुडालंय आणि आपलं तळघर बघ, पापडासारखं कोरडं!" हे लहान मुलासारखे खूश होते. भर दुपारी टॉर्च घेतली आणि बांध ओलांडून खाली उतरले. मी पाण्यात, बांधाला धरून उभी.

टॉर्चचा उजेड भिंतीवर फिरला…

विझला.

"अहो?"



मग हाड मोडल्याचा आवाज आला. आणि ह्यांची किंकाळी.

काहीतरी ह्यांना भिंतीवर आपटत होतं. धप्प… पुन्हा… पुन्हा… दर वेळी माझ्या हाताखालच्या विटा हादरत होत्या. खालून एक दगड भिरभिरत आला आणि माझ्या कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं. किंकाळीची घरघर झाली. मग तीही थांबली.

आपटणं थांबलं नाही.

वरून मासीमा ओरडल्या, "ओके जॉल दाओ! जॉल दाओ ओके!" त्याला पाणी दे.

कुणाला?

बांध फोडला तर एवढं पाणी खाली जाणार, आणि खाली माझा नवरा. मोडक्या हाडांनी हे कसे पोहणार? न फोडला, तर ते जे काही होतं ते ह्यांना ठेचून मारणार.

तेवढ्यात खालून ह्यांचा आवाज आला. अगदी स्पष्ट.

"विमल, बांध फोड."

कामाची पहार तिथेच भिंतीला टेकलेली होती. मी वेड्यासारखे घाव घातले. तळहात फाटला. एक वीट निखळली आणि उरलेला बांध पाण्यानेच ढकलला.

पाणी गर्जत खाली गेलं.

आणि आतून आवाज आला… तहानलेली गुरं हौदावर पितात तसा. घटाघटा.

आपटणं थांबलं.

मी खाली उतरले. छातीभर पाण्यात चाचपडताना ह्यांचे केस हाताला लागले. केसांना धरूनच ओढून काढलं. उजवा हात कोपरातून उलटा वळला होता. गळ्यावर बोटांचे व्रण. सगळं अंग चिंब. पण ओठ मात्र तडकलेले आणि जीभ कोरडीठाक, सुजलेली. कित्येक दिवस पाणी न मिळालेल्या माणसाची असावी तशी.

हे वाचले. मासीमांना विचारलं, तर त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही बदली मागून निघालो.

पुढे फार वर्षांनी मी सहज म्हटलं, "तुम्ही सांगितलंत म्हणून बांध फोडला. नाहीतर माझा हात धजला नसता."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "मी? अगं, गळा आवळला होता माझा. आवाज कुठून काढणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला…

विमल हे माझं माहेरचं नाव. लग्नात ते बदलून वृंदा ठेवलं. कलकत्त्यात विमल हे नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. आणि ह्यांनी मला उभ्या जन्मात 'अगं'शिवाय हाक मारली नाही.

हे जाऊन चार वर्षं झाली. मी पुण्यात लेकाकडे असते. यंदा सोसायटीने बेसमेंटच्या पार्किंगमधली गळती बंद करून घेतली. बाहेर धो धो पाऊस आणि आत टिपूस नाही. सगळे खूश.

परवा दुपारी गाडीतली पिशवी आणायला खाली गेले. दिवे चालू होते.

मागून हाक आली.

"विमल…"

ह्यांचाच आवाज.

खरं सांगते, मला वळून बघायचं होतं. फार बघायचं होतं.

मी वळले नाही. गाड्या धुवायची नळी ओढली आणि नळ सोडला. वॉचमन धावत आला. "अहो आजी, काय करताय?"

पाणी भिंतीला लागेपर्यंत हाक येतच होती.

मग ती थांबली, आणि मला रडू कोसळलं.