वेणी कुणी धरली?

"मला समुद्रातून कुणी बाहेर काढलं, तेवढं शोधून द्या."

समोर बसलेल्या मुलीनं हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की हितेंद्रच्या हातातली कचोरी तोंडापाशीच थांबली. चारुलताच्या जळगावातल्या कचेरीत आजवर पळालेले नवरे शोधायला लोक आले होते, चोर शोधायला आले होते. उपकार करणारा शोधायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

चारुलता हितेंद्रची मावसबहीण. शहरात खाजगी गुप्तहेर म्हणून तिचं नाव होतं. हितेंद्र तिचा मदतनीस. मदत तो मनापासून करायचा, फक्त ती बहुधा चुकीच्या दिशेनं असायची.

"सगळं सांग," चारुलता म्हणाली.

मुलीचं नाव रूपाली. सावद्याच्या सुपडू आबांची लेक, यावलच्या एका शाळेत शिक्षिका. केळीची काढणी उरकल्यावर आबांचं घर आणि शेजारच्या झुंबरबाईंचं घर मिळून मालवणकडे सहलीला गेलं होतं. तिथं दिवसभराची बोट ठरवली. पाण्यात डोकं घालून रंगीत मासे बघायचे, आणि नशीब असलं तर डॉल्फिनही.

"मी बोटीच्या मागे शिडीपाशी पाण्यात होते. तेवढ्यात वर ओरडा झाला, डॉल्फिन! सगळे पुढच्या बाजूला धावले. मला शेपटीसुद्धा दिसली नाही, मधे आख्खी बोट. घाईनं वळले, तर मास्कमध्ये पाणी शिरलं. लाइफ जॅकेटचा पट्टा सुटला आणि ते वाहून गेलं. मग नुसतं खारं पाणी. कुणीतरी मागून माझी वेणी धरून ओढलं, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी बोटीत होते आणि झुंबरकाकूंचा जितेंद्र माझ्यावर वाकला होता."

"मग त्यानंच काढलं की!" हितेंद्रनं प्रकरण निकालात काढलं.

"तो म्हणतो, काखेत हात घालून ओढलं. माझी टाळू मात्र पुढे कितीतरी दिवस ठणकत होती." रूपाली थांबली. "आबांनी तिथंच शब्द दिला, ज्यानं माझी लेक काढली, त्याच्याच घरी ती जाईल. येत्या रविवारी साखरपुडा आहे."

"जितेंद्र आवडत नाही?"

"वाईट नाही तो. त्यानं खरंच काढलं असेल, तर मी हसत बोहल्यावर उभी राहीन. पण पहिल्याच दिवशी खोटं असेल, तर त्या माणसाबरोबर जन्म कसा काढू? आणि ज्यानं मला जगवलं त्याचे मी साधे आभारही मानलेले नाहीत, ताई."

हितेंद्रनं कचोरी बशीत ठेवून दिली. पोरगी त्याला एकदम आवडली.

दुसऱ्या दिवशी दोघं सावद्याला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच केळी. हितेंद्रनं गाडी चालवता चालवता आपला तर्क मांडला.

"चारूताई, सरळ आहे. बोटवाल्यांचा पाण्यात उतरणारा माणूस असतो ना, त्यानंच काढलं. हा जितेंद्र फुकटचा हिरो झाला."

"त्यांना मी सकाळीच फोन केला होता. तो माणूस पुढच्या बाजूला पाण्यात रूपालीच्या वहिनीला, दीपमालाला, आणि इतरांना ट्यूबवर धरून होता, सगळ्यांनी पाहिलंय. बोटवाला इंजिनापाशी होता. आणि आमची माणसं केसाला कधी हात लावत नाहीत, असं त्यानं ठणकावून सांगितलं. त्याची तक्रार वेगळीच होती. एका मावशींनी गळा आवळतो म्हणून जॅकेट काढून ठेवलं, सांगून ऐकेनात म्हणाला."

हितेंद्रचा तर्क भुसावळ यायच्या आतच संपला.

सुपडू आबा ओट्यावर बसले होते. पांढरी टोपी, भरदार मिशा, आणि दिलेला शब्द पाळणारा माणूस म्हणून गावात मान.

"मी डोयानं पाहेल हाये, ताई," आबा म्हणाले. "'पोर बुडनी' असं कोनीतरी वरडलं. मी पलटून पाहतो तर जितेंद्र पोरीले शिडीवरून वर घेऊ राह्यला होता. आंग बठ्ठं वलं. अजून काय पुरावा पाह्यजे?"

"तो आधी पाण्यात उतरला होता ना?"

"बठ्ठेच उतरले होते. मी आन् झुंबरबाई सोडून."

"आणि डॉल्फिन कसा होता, आबा?"

आबांचा चेहरा लहान पोरासारखा खुलला. "डबक्यात बसेल म्हशीची पाठ दिसते ना, तशी काळी पाठ. बाजूले रेडकू! एकदाच वर आले आन् गेले. पुन्हा काही दिसले नाहीत."

हितेंद्रला वाटलं, ताईला सहलीचाच हेवा वाटतोय. कामाचं सोडून डॉल्फिनचं काय विचारायचं!

आतून रूपालीची वहिनी दीपमाला चहा घेऊन आली. ती डोळस बाई होती, सांगताना कुठं अडखळली नाही. पाण्यातून सगळे बोटीवर परत चढले तेव्हा झुंबरकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या, असं ती म्हणाली.

"भिजलेल्या होत्या. बोट लागून उलटी झाली, म्हणून अंगावर बादली ओतून घेतली म्हणाल्या. केस मोकळे सोडून वाळवत होत्या. कपाळाचं कुंकूही गेलं होतं. सवाशिणीचं कपाळ असं कसं ठेवायचं, म्हणून मी माझी टिकली लावून दिली."

"समुद्र खवळला होता?"

"छे, अगदी डोहासारखा शांत. बोटीत दुसऱ्या कुणालाच त्रास झाला नाही."

जितेंद्र पलीकडच्या केळीच्या वखारीत भेटला. उंच, हसरा, बोलायला मोकळा. पोहायला कुठं शिकलास विचारल्यावर म्हणाला, जळगावच्या तलावात, कॉलेजात असताना. रूपालीला कसं काढलंस विचारल्यावर मात्र त्याचे शब्द जरा घाईनं आले.

"काखेत हात घातला आणि ओढली. तेवढंच."

"शाब्बास. आणि डॉल्फिन पाहिला का रे?"

"काय विचारता ताई!" त्याची कळी खुलली. "पिल्लू कसं आईला चिकटून! आणि रंगानं फिकं. मी मोबाइल काढेस्तोवर दोघं खाली. नाहीतर काय फोटो आला असता!"

हितेंद्रलाही ऐकताना मजा वाटली. चारुलतानं फक्त मान हलवली.

शेवटी झुंबरबाई. जितेंद्रची आई, साठीकडे झुकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती अंगणात चुलीवर कढई ठेवून केळीचे वेफर तळत होती. किसणी थेट कढईवर धरून चकत्या तेलात सोडायची तिची लय बघण्यासारखी होती. दोघांना पुढ्यात बसवून तिनं आधी गरम वेफर दिले, मग बोलायला तयार झाली. बोली सावद्याची नव्हती.

"मना माहेर शिरपूरकडे शे, तापीकाठे," ती म्हणाली. "लगीन व्हयनं आन् इकडे ऊनू."

"मावशी, तुम्ही पाण्यात नाही उतरलात?"

"नही वं माय. बायामानसाले कसानं पवनं! उलटी व्हयनी, मंग आंगवर बादली वती लिधी."

"समुद्र आवडला का?"

झुंबरबाईचा हात क्षणभर कढईवर थांबला. "भला शे. ते पानी मानूसले वर धरस. आमनी तापी तशी नही, ती खाले वढस."

परतताना गाव मागे पडल्यावर चारुलता म्हणाली, "हितेंद्र, आज मी एका फार मोठ्या बाईच्या हातचे वेफर खाल्ले." हितेंद्रला वाटलं, वेफर खरंच छान होते.

रविवारी सकाळी आबांच्या अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. पाहुणे यायचे होते, पण दोन्ही घरची माणसं हजर होती. चारुलतानं आबांची परवानगी मागितली.

"आबा, तुमचा शब्द मोडायला मी आले नाही. तो योग्य माणसापाशी पोचावा, एवढ्यासाठी आले."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "बोला."

"रूपालीला वेणी धरून ओढलं. तलावात शिकलेला माणूस असं करत नाही, त्याला काखेत हात घालायला शिकवतात. जितेंद्रनंही तेच सांगितलं, कारण त्याला तेच ठाऊक. बोटवाल्यांची माणसं केसाला हात लावत नाहीत. मग केसाला कोण धरतं? जे विहिरीत, नाहीतर नदीत पोहायला शिकले ते. बुडणाऱ्याच्या समोर गेलं तर तो गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. म्हणून नदीकाठच्या पोरांना मोठी माणसं एकच सांगतात, मागून जा आणि केस धर."

चारुलता जितेंद्रकडे वळली.

"जितेंद्र त्या वेळी पाण्यात नव्हता. डॉल्फिन एकदाच वर आला, पुढच्या बाजूला. रूपाली मागे होती, मधे बोट, तिला शेपटीही दिसली नाही. जितेंद्र तिला मागे ओढत असता, तर त्यालाही दिसला नसता. पण त्यानं आई पाहिली, पिल्लू पाहिलं, आणि फोटोसाठी मोबाइल काढायला गेला. बुडत्या माणसाला ओढणारा खिशात हात घालत नाही."

जितेंद्रची मान खाली गेली. हितेंद्रच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. ताई सगळ्यांना डॉल्फिनचं का विचारत होती!

"मग बोटीच्या मागे कोण होतं? ज्यांनी जॅकेट काढून ठेवलं होतं त्या. समुद्र डोहासारखा शांत, दुसऱ्या कुणाला बोट लागली नाही, पण त्यांना उलटी झाली. बरं, झाली. उलटी धुवायला बाई पदरावर पाणी घेते, ओच्यावर घेते. डोक्यावर घेत नाही. यांचे केस वाळवावे लागले, कपाळाचं कुंकू धुऊन गेलं. आणि मला त्या म्हणाल्या, समुद्राचं पाणी माणसाला वर धरतं, तापी खाली ओढते. बोटीत बसून हे कळत नाही. दोन्ही पाण्यांत अंग टाकलेल्या माणसालाच ते कळतं."

सगळ्यांच्या नजरा झुंबरबाईकडे वळल्या. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"झुंबरवैनी?" आबा अर्धवट उठले.

"धाकली व्हती तैं केळीना खांब धरीसन तापी पार करू आम्ही पोरी," ती हळूच म्हणाली. "बठ्ठा डॉल्फिन देखाले गयात. मी पोरना हात पानीमा देखा. शिडीवरथीन उतरनू. तिले शिडीले टेकाडी, वर ऊनू, आन् मीच वरडनू, पोर बुडनी. हाऊ मना जितू पयत ऊना, त्यानी तिले वर लिधी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" दीपमालानं विचारलं.

"आबा त्याले म्हने, तू वाचाडी. त्यानं नही म्हनं नही. चारचौघात पोऱ्याले खोटा कशी पाडू? माय शे मी." तिचे डोळे भरून आले. "पन रोज देवले सांगू, कोनी तरी इचारा वं माले. मना आंडोर जितू वाईट नही. तरी खोटं बोलीसन आनेल सून माले नको."

जितेंद्र उठून आबांच्या पायाशी बसला. "आबा, तुम्ही म्हणालात तेव्हा एका शब्दात नाही म्हणायचं होतं. ते राहिलं. मग सगळे पाठ थोपटायला लागले आणि मला तोंड उघडता येईना. आईनं काढलं हे मलाही आत्ताच कळतंय. मी तर बोटवाल्याच्या माणसानं काढलं असं समजत होतो."

हितेंद्रला त्या पोराची कीवही आली आणि रागही. झुंबरबाईकडे बघताना मात्र त्याचा ऊर भरून आला. या वयात, लुगड्यासकट, अनोळखी समुद्रात उतरायचं, दुसऱ्याची पोर काढायची आणि मुलासाठी गप्प राहायचं! अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं त्याला वाटलं, आणि ते त्यानं चारुलताला कानात सांगितलंही. चारुलतानं डोळे पुसले.

आबा मात्र पेचात पडले होते. "मी सबद देल हाये," ते पुटपुटले. "ज्यानं काढलं त्याच्या घरी पोर जाईन. घर तर हेच निघालं! आता काय करू?"

"पाळा ना शब्द, आबा," रूपाली म्हणाली.

ती उठली आणि झुंबरबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. बाईनं तिला उचलून छातीशी धरलं.

"मी या घरी जाणारच," रूपाली म्हणाली. "सून म्हणून नाही. लेक म्हणून. माझं लग्न व्हायचं तिथं होईल, पण दर आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, मी माहेरपणाला इथंच येणार." मग तिनं जितेंद्रकडे पाहिलं. राग नव्हता, पण दयामायाही नव्हती. "जितूभाऊ, आखाजीचा झोका बांधायचं काम भावाचं असतं. दोर पक्का बघून आण."

मग आबाच आधी हसले, मिशा हलेपर्यंत. जितेंद्र कानापर्यंत लाल झाला.

"आनतो," तो म्हणाला. आणि हा शब्द त्यानं पाळायचाच, हे झुंबरबाईनं तिथल्या तिथं त्याचा कान धरून पक्कं केलं.