आईच्या सत्तावन्न फायली

सर्व्हरवाला पहिल्यांदा दुकानात आला तो स्वतःच्याच चष्म्यावर बसून. चष्मेवाली काड्या सरळ करत होती आणि हा गृहस्थ, समोरचं धड दिसत नसतानाही, अखंड बडबडत होता! तो ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो हे कळल्यावर तिनं भीतभीतच विचारलं, "माझ्या मोबाइलमध्ये आईच्या आवाजाच्या सत्तावन्न फायली आहेत. आई गेली... परक्या कंपनीकडे ठेवायला जीव होत नाही. घरीच ठेवता येतील?"

"येतील की! खुली, फुकटची सॉफ्टवेअर आहेत. तुलना करून सांगतो."

झालं! दर गुरुवारी संध्याकाळी चष्मेवालीच्या घरी जुन्या कॉम्प्युटरपुढे दोघं. बाबा चहा ठेवून मुद्दाम आत जायचे.

"नेक्स्टक्लाउड?" तिनं त्याच्या यादीतलं पहिलं नाव वाचलं.

"सगळं देतं, कॅलेंडरसुद्धा. पण या म्हाताऱ्याला झेपायचं नाही."

"हळू बोला, बाबा ऐकतील!"

"अहो, कॉम्प्युटरला म्हणालो..."

ती खो खो हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"सीफाइल चपळ आहे. पण फायली तुकडे करून ठेवतं."

"आईचे तुकडे नकोत."

त्यानं यादीतलं ते नाव खोडलं. मग हलकेच म्हणाला, "सिंकथिंग बघू. मोबाइलमधून थेट इथं – मधे कुणी नाही."

"कुणीच नाही?" तिनं विचारलं, आणि दोघांचेही कान लाल झाले.

असे पाच गुरुवार गेले. सहाव्याच्या आदल्या दिवशी मोबाइल काचा धुवायच्या भांड्यात पडला. त्यानं तो खोलला, सुकवला, ओळखीच्या कारागिरांकडे नेला. काहीच हाती लागलं नाही.

रविवारी तो दारातच उभा राहिला. "सिंकथिंगच घ्यायचं, हे मी पहिल्याच गुरुवारी ठरवलं होतं. तुलना... तुम्ही भेटावं म्हणून लांबवली. साध्या कॉपीला दहा मिनिटं लागली असती. माझं प्रेम आहे हो तुमच्यावर, आणि मी हे करून बसलो!"

तिला रडू फुटलं. "मोबाइलची केबल टेबलाच्या खणातच होती. मी काढली नाही. काम संपलं असतं, तर तुम्ही आला नसता ना..."

त्यानं हात पुढे केला. तिनं तो घट्ट धरला.

इतक्यात आतून बाबांचा आवाज आला, "अगं, झालं का ते काम? तिचं जरा ऐकव ना मला."

बाबांना अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं हात सोडवून घेतला.

"आता नका येऊ," ती म्हणाली. "तुम्ही दिसलात की मला ते पाच गुरुवार दिसतील."

तो जिना उतरून गेला. ती डोळे पुसून आत वळली, पण बाबांना काय सांगावं ते तिला सुचेना.