मुख्य दाराची कडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझं काम नवे गेम बाजारात जायच्या आधी खेळून त्यातल्या चुका शोधायचं. त्यातला निम्मा वेळ दारांतच जातो. दार उघडायचं, पलीकडे जायचं, वळून ते लावायचं, कडीचा आवाज आला की यादीत खूण करायची. सहा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी मी फ्रिजचं दारही दोनदा तपासायचे. ताई त्यावरून माझी यथेच्छ टर उडवायची.

त्या दुपारी मी तळ्याकाठच्या एका घराचा गेम तपासत होते. त्यात ना बंदूक, ना मागे लागणारं कोणी. रिकाम्या घरात हिंडायचं, कपाटं उघडायची, पत्रं वाचायची, तिथली माणसं कुठे गेली ते शोधायचं आणि मुख्य दाराने बाहेर पडायचं. एवढंच. तरी लोक तहानभूक विसरून खेळतात. बंद दार दिसलं की माणसाला चैन पडत नाही, दुसरं काय! घाबरून थांबावं म्हटलं तरी बोट पुढच्या दाराकडे जातंच.

मला त्या घराचा लळा होता तो ताईमुळे. गेममधले पावलांचे आवाज आधी तिने दिले होते. जुन्या चपला घालून ती लाकडी फळीवर चालायची. डाव्या चपलेची टाच सुटलेली, म्हणून टक... चिर्र. टक... चिर्र. ते चिर्र आमच्या ऑफिसातल्या साहेबांना खटकलं. त्यांनी तिचे आवाज काढून दुसरे घातले, मऊ आणि एकसारखे.

आणि आता ताई एकोणीस दिवस बेशुद्ध होती. जिन्यावरून पडली ती उठलीच नाही. भावोजी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून होते आणि मी इथे, काळे पडदे लावलेल्या खोलीत, कानांना हेडफोन लावून.

वरच्या मजल्यावर मी थांबले. गेममधली माझी पावलंही थांबली.

मागे... टक... चिर्र.

मी पडद्यापलीकडे बसलेल्या प्रोग्रॅमरला हाक मारली. "जुने आवाज राहिलेत का रे कुठे?"

"छे! मी स्वतः पुसलेत." त्याने येऊन हेडफोन लावून पाहिला. "काहीच नाहीये. तू जेवलीस का?"

तो गेला. मी स्क्रीनकडे वाकून कुजबुजले, "ताई...?"

टक... चिर्र. आवाज दोन पावलं जवळ आला.

मला रडू फुटलं. हसाल तुम्ही, पण त्या क्षणी मला एकच कळत होतं, की ताई या घरात वाट चुकली आहे आणि इथला कोपरा न् कोपरा मला पाठ आहे. बाहेर जायची वाट एकच, मुख्य दार. तिला तिथवर न्यायचं.

मी पुढे निघाले. सहा वर्षांत पहिल्यांदाच मागची दारं उघडी टाकत गेले. तीही येत होती, सावकाश. जिन्यापाशी मात्र अडली. मी खाली उतरून कितीतरी वेळ उभी राहिले. मग वरून एकेक पायरी... टक... चिर्र... आणि पुन्हा शांत.

मुख्य दार एकदा लावलं की परत उघडत नाही. गेम तिथेच संपतो. हे मला पक्कं माहीत होतं, मीच ते शेकडो वेळा तपासलं होतं. मी दार उघडलं. बाहेर धुकं आणि तळ्याचं पाणी. मी जागची न हलता म्हटलं, "ये गं..."

माझ्या कानाजवळून पावलं गेली. बाहेर उतरली. मला इतका आनंद झाला की ती मऊ होती, एकसारखी होती, हे लक्षातच आलं नाही. मी त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. आणि बोट आपोआप वळलं. दार लागलं. कडीचा आवाज आला. मी यादीत खूणसुद्धा केली.

तेवढ्यात दाराच्या आतून... टक... चिर्र.

आवाज अगदी दारापर्यंत आला. मग दोन थापा, जरा थांबून एक. ताई लहानपणापासून अशीच थाप मारते. मी कळ दाबत राहिले, दाबत राहिले. दार हललं नाही.

फोन वाजला. भावोजी रडत होते की हसत होते, कळेना.

"शुद्धीवर आली गं! दोन मिनिटं झाली. उठून बसलीये, घरी जाऊ म्हणतेय. थांब, बोल तिच्याशी."

माझ्या एका कानात हेडफोन तसाच होता. त्यात थापा चालूच होत्या. दुसऱ्या कानात ताईचा आवाज आला, हुबेहूब तिचाच.

"रडू नकोस," ती हळूच म्हणाली. "दार नीट लावलंस ना?"