शालूबाईंच्या दोरीवरचा खोपा

सेनगावच्या स्टँडसमोर काळीपिवळी जीप भरायला वेळ लागतो, आणि भरली तरी ती भरली असं ड्रायव्हर कबूल करत नाही. अनुश्री खिडकीशी अंग चोरून बसली होती. हिंगोलीहून निघाल्यापासून तिचा एकच उद्योग चालला होता – तारेवरची पाखरं बघायची. कोतवाल, वेडा राघू, पुन्हा कोतवाल... तिच्या गच्चीवर कबुतरांशिवाय कोणी फिरकत नाही, म्हणून थोरल्या बहिणीकडे साखऱ्याला निघालं की तिचे डोळे आपोआप बाहेर धावत.

तेवढ्यात समोरच्या बाकावर एक तरुण येऊन बसला. सावळा, शिडशिडीत, मांडीवर नव्या दोरीचं वेटोळं. आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळेधमक.

अंगाला हळद लागलेल्या नवरदेवानं असं गावभर हिंडू नये, एवढं तरी याला कळायला हवं... अनुश्रीला राहवलं नाही.

"लग्न उद्या आहे का?"

त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "शेतातली हळद शिजवून राहिलो," तो म्हणाला. "नवरीचा अजून पत्ता न्हाई."

अख्खी जीप हसली. अनुश्रीचे कान तापले. बँकेत नोकरी करणारी, दिवसभर चार माणसांना गप्प बसवणारी मुलगी. पण आता तीच ओढणी सावरू लागली. विषय बदलायला म्हणून तिनं दोरीकडे बोट केलं.

"आमच्या शेजारच्या शालूकाकूंपायी आणली," तो म्हणाला. "त्यांच्या परसातल्या दोरीवर पाखरानं खोपा केला. काकू त्या दोरीला कोणाला हात लावू देईनात. त्यांच्या घरचे कपडे आमच्याच अंगणात वाळून राहिले. एक दोरी पुरंना झाली."

शालूकाकू म्हणजे थोरल्या बहिणीच्या, पुजाताईच्या सासूबाई. अनुश्री म्हणाली, "मी त्यांच्याकडेच चाललेय."

"मग तुमचेबी कपडे आमच्याच दोरीवर," तो शांतपणे म्हणाला आणि बाहेर बघू लागला. ओठांवरचं हसू मात्र त्याला काही लपवता आलं नाही.

त्याचं नाव भागवत. दाजींच्या भावकीतला, भिंतीला भिंत लागून घर. पुजाताईनं हे सांगितलं तेव्हा ती गालात हसत होती. कारण शेतीवाल्याच्या घरात मी जाणार नाही, असं अनुश्रीनं दिवाळीत सगळ्या नातेवाइकांसमोर ठणकावून सांगितलं होतं.

परसात खोपा खरोखर बघण्यासारखा होता. दोरीच्या मधोमध लोंबणारा, कोळिष्टकं आणि वाळक्या पानांचा, लांबून पाहिलं तर कुणी चिंधी अडकवलीय असं वाटावं. शालूबाईंनी दोन्ही बाजूंना लाल फडकी बांधून हद्द आखून दिली होती. "माझ्या दारी बाळंतपणाला आली ती," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "गावात दुसऱ्या कोणाच्या दोरीवर न्हाई बसली."

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन अनुश्री शेजारच्या अंगणात गेली. अर्ध्या अंगणात हळद वाळत पसरलेली. भागवत नवी दोरी ताणून बांधत होता. भिंतीपलीकडे, शेवग्याच्या फांदीवर शिंजीर पाखराचा निळाकाळा नर गळा फुलवून ओरडत होता.

"काय मिरवतोय बघा," अनुश्री म्हणाली. "खोप्यासाठी काडी तरी आणली का यानं?"

"न्हाई आणत. खोपा मादीच बांधते. जागाबी तीच पाहते."

"आणि हा?"

"हा आपला गाणं म्हणतो." भागवतनं गाठ आवळली. "तिनं हो म्हणावं म्हणून."

तिनं ओली ओढणी झटकली. थेंब त्याच्या तोंडावर उडाले... त्यानं ते पुसले नाहीत. पुढचे दोन दिवस अनुश्रीला न मळलेले कपडेही मळलेले दिसू लागले. पुजाताई म्हणे, "अनू, तो टॉवेल तू सकाळीच धुतलास."

पाचव्या दिवशी पॉलिशचा ढोल आला. वाळलेली हळद त्यात घालून फिरवतात, साल निघते आणि पिवळी धूळ उडते. "आज तिकडं कपडे न्हाई टाकायचे," असं शालूबाईंनी सकाळी बजावलं होतं. सगळं साखरा ही गोष्ट जाणतं. पण ढोल सुरू व्हायच्या आधी अंगणात डोकावायला अनुश्रीला निमित्त हवं होतं, आणि निमित्त म्हणून तिनं पांढरी ओढणी वाळत घातली. गप्पांत ओढणी तिथंच राहिली. दुपारी पाहते तो ओढणी काठापासून काठापर्यंत पिवळी.

"साबण लावू नको, लाल भडक होईल," शालूबाई म्हणाल्या. "दोन दिस कडक उनात टाक. हळदीचा डाग उनानं उडतो."

भागवत ओशाळून भिंतीशी उभा होता. "चूक माझी हाय. मी पाहायला पायजे होतं."

"तुमचं लक्ष कुठं होतं?"

"तुमाला म्हाईत हाय कुठं होतं."

तिनं ओढणीची घडी घातली. मग तिनं हळूच विचारलं, "मग नवरीचा पत्ता का नाही लागला अजून?"

"तीन जागी जाऊन आलो," तो म्हणाला. "शेवटच्या ठिकाणी पोरीच्या बापानं माझे हात पाहिले. म्हणला, निदान धुऊन तरी यायचं. हे हात धुतलेलेच होते, अनुश्री. या हळदीवर माझ्या दोघी बहिणी शिकल्या. तवापासून ठरवलं – आता आपून होऊन कोणाला विचारायचं न्हाई. जिला यायचंय तिनं म्हणावं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मान ताठ होती, आणि ती ताठ मानच अनुश्रीला आवडली... फार आवडली. पण दिवाळीत ठणकावलेलं वाक्य आता गिळायचं कसं? आपली मान काही कमी ताठ नव्हती. आणि सुट्टी तर उद्या संपत होती.

सकाळी निघताना ती परसात गेली. खोप्याच्या तोंडाशी इवली बाकदार चोच दिसली. मळकट रंगाची साधीशी मादी, एकटीनं एवढं घर उभं करून ऐटीत बाहेर बघत होती. अनुश्रीला आपल्या अडून बसण्याचं हसू आलं.

काळीपिवळी फाट्यावर उभी होती. भागवत पिशवी उचलायला आला होता. पिशवी टपावर गेली तरी तो हलला नाही, बोललाही नाही. स्वतःला दिलेला शब्द तो पाळत होता.

"ओढणी उनात टाकली न्हाई तुमी," एवढंच तो म्हणाला. ती पिवळी ओढणी तिच्या खांद्यावर होती.

"नाही टाकली. टाकणारही नाही." अनुश्रीनं सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भागवत, खोपा मादीच बांधते ना? जागाही तीच पाहते? मी पाहिली. मला आवडली."

जीपमधली एक म्हातारी पुढं वाकली. "पोरा, बोल की काहीतरी. गाडी निघून राहिली."

भागवतला गाणंबिणं काही आलं नाही. त्यानं आपले पिवळे हात खिडकीच्या काठावर ठेवले, आणि तिनं आपला हात त्यांवर ठेवला. "रविवारी हिंगोलीला येतो," तो म्हणाला. "हाताला हे असंच राहील."

"असेच या."

हिंगोलीच्या स्टँडवर बाबा घ्यायला आले होते. आयुष्यभर कचेरीत टापटिपीत वावरलेला माणूस; त्यांची नजर पहिल्यांदा ओढणीवर गेली. "अनू, हे काय? एवढी हळद कोणाच्या घरची लावून आलीस?"

दिवाळीतलं वाक्य तिला आठवलं. तिनं ओढणी नीट पसरून खांद्यावर घेतली.

"साखऱ्याच्या भागवतच्या घरची," ती म्हणाली. "शेती करतो तो, बाबा."