सात नंबरची बेल

धाकटीनं जेवणाचा डबा धुतला, पालथा घातला आणि ती वॉर्डच्या टोकाच्या खोलीत कामाला बसली. काम तसं साधंच. एक बेल वाजत नव्हती, ती का वाजत नाही ते शोधायचं होतं. अशी कामं तिनं ढिगानं केली होती.

इस्पितळाचे संगणक सांभाळणारी ती एकटीच. थोरली बहीण याच वॉर्डात सात नंबरच्या बेडवर होती, म्हणून महिन्याभरात सगळे हिला धाकटी म्हणायला लागले होते. बाई महाहट्टी. हिच्याशी वाद घालण्यापेक्षा हो म्हणावं आणि आपल्या कामाला लागावं, असं नर्सबाई तिच्या तोंडावर म्हणायच्या, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

थोरलीचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. जखम भरत होती, पण एक भलतंच लचांड मागे लागलं होतं. गाढ झोप लागली की तिचा श्वास मंदावायचा, आणि कधी कधी थांबायचाच. शेजारी बसलेल्या कुणी लगेच हलवून जागं केलं की पुन्हा सुरू. खरं तर त्याचीही सोय होती. प्रत्येक रुग्णाच्या छातीवर एक पट्टी, पट्टीकडून श्वासाचा आकडा संगणकाला, आणि आकडा आठाच्या खाली आला की त्या बेडची बेल. बारा बेड, बारा बेली. काल संध्याकाळी थोरलीचा आकडा दोनवर आला आणि बेल वाजलीच नाही. नर्सबाई पाण्याचा जग घेऊन सहज शेजारून जात होत्या, त्यांना निळे पडलेले ओठ दिसले. नाहीतर आज थोरली नसती.

“तिला दुसऱ्या बेडवर हलवा,” सकाळी धाकटी म्हणाली.

“कुठे हलवू? डोक्यावर? बाराच्या बारा भरलेत. रात्री चार नंबर घरी जाईल, मग हलवू. तोवर तिला झोपू देऊ नकोस.”

“नर्सबाई, तिला झोपेचीच औषधं चालू आहेत.”

“मग बेल नीट कर,” नर्सबाई म्हणाल्या. “तुझंच काम ना ते?”

बेलचा प्रोग्राम मास्तरांनी लिहिलेला. मास्तर म्हणजे या खोलीत धाकटीच्या आधी बसणारे, तिला हाताला धरून काम शिकवणारे. सहा वर्षांपूर्वी वारले. वारले तेही याच वॉर्डात, याच सात नंबरवर. त्यानंतर तो प्रोग्राम एकदाही बंद झाला नव्हता. चालतंय ना, मग चालू दे, असाच सगळ्यांचा खाक्या, आणि सातवर श्वास अडणारा दुसरा रुग्णही मधल्या काळात आला नव्हता. धाकटीनं सकाळभर त्याची ओळ न् ओळ वाचली. खोट सापडेना. त्याची नक्कल काढून वेगळी चालवली, तर सातची बेल ठणठणीत वाजली. म्हणजे कागदावर सगळं चोख, आणि वॉर्डात बेल मुकी.

आता एकच उपाय उरला होता. डीबगर. डीबगर म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यातून चालत्या प्रोग्रामला वाटेत थांबवता येतं, एकेक पाऊल पुढे चालवता येतं, त्याच्या मनात कुठला आकडा आहे ते विचारता येतं. तिथल्या तिथे एक शब्द टाइप केला की प्रोग्राम जिथं थांबलाय नेमक्या त्याच ओळीवर त्याची फाईल उघडते. दुरुस्ती करायची, फाईल मिटायची, परत काळ्या खिडकीत. सुखाचं काम. फक्त प्रोग्राम थांबलेला असेतोवर बाराही बेली थांबणार.

“दहा मिनिटं,” नर्सबाई म्हणाल्या. “मी या रांगेत उभी राहते, ती दुसरी त्या रांगेत. डोळ्यांनी बघू. अकरावं मिनिट लागलं तर तुझी खैर नाही.”

खोलीत पूर्वी चादरी ठेवायचे. भिंतींना अजून धुतलेल्या कापडाचा ओलसर वास होता आणि दाराखालून फिनेल येत होतं. बाहेर टळटळीत ऊन. भेटीची वेळ संपलेली. वॉर्डात एक पंखा करकरत होता, बाकी सगळं चिडीचूप. धाकटीनं प्रोग्राम थांबवला तसा तो पंखाही थांबला. पंख्याचा आणि प्रोग्रामचा काडीचा संबंध नव्हता. तिनं एकदा वर बघितलं आणि कामाला लागली.

एक नंबर, श्वास सोळा. पुढे. दोन नंबर, अठरा. पुढे. ती एकेक पाऊल टाकत सातवर आली. थोरलीचा श्वास तेरा. चाचणीसाठी तिनं हातानं तिथं तीन घातले. आता प्रोग्रामनं बेलच्या ओळीवर जायलाच हवं होतं. तो गेला नाही. ती ओळ टाळून, वळसा घालून, तो आठवर गेला.

“अरे वा रे शहाण्या,” धाकटी पुटपुटली. तिनं थोरलीचा आकडा होता तसा करून ठेवला आणि फाईल उघडायचा शब्द टाइप केला.

फाईल उघडली नाही. एक सूचना आली. ही फाईल आधीच कुणीतरी उघडून बसलंय. खाली त्या माणसाचं नाव, आणि नाव मास्तरांचं. उघडल्याची तारीख सहा वर्षांपूर्वीची. आणि शेवटी, अजून काम चालू आहे.

 खोटं कशाला सांगा, पाय पोटाशी घेऊन बसली ती क्षणभर. मग तिला बहिणीचे निळे ओठ आठवले आणि भीतीच्या जागी संताप चढला. “असाल तर असा,” ती म्हणाली, आणि तिनं ‘तरीही उघड’ दाबलं.

बेलच्या ओळीच्या वर एक नवी ओळ होती. सकाळी ती तिथं नव्हती, यावर तिनं हात कापून दिला असता.

“सातला बेल नको.”

तिनं ती खोडली. फाईल साठवली, मिटली, पुन्हा उघडली. आता तिथं दुसरीच ओळ होती.

“झोपू दे…”

“झोपा ना! कोण अडवतंय?” धाकटी दबक्या आवाजात खेकसली. तिनं त्याखाली ठोकलं, “तिथं माझी बहीण आहे, मास्तर. बेल लागेल.” साठवलं, मिटलं, उघडलं.

“दोघं आहोत… एका बेडवर. आवाज नको…”

 फिनेलचा वास गेला होता आणि त्याच्या जागी औषधाचा, बरेच दिवस न उठलेल्या माणसाच्या अंगाचा वास खोलीत भरला होता. तिनं तोंडानं श्वास घेत सगळ्या नव्या ओळी एकदम खोडल्या आणि फाईल मिटली. काळ्या खिडकीत परत येऊन बघितलं, तर ओळी स्वच्छ. सातसाठी बेल, जशी हवी तशी. दुसऱ्यांदा उघडलं, तरी स्वच्छ.

“हात्तिच्या! एवढंच ना?” ती म्हणाली, प्रोग्राम पुढे चालू केला आणि दार उघडून ओरडली, “नर्सबाई, झालं! आठच मिनिटं!”

नर्सबाई हुश्श करत आपल्या टेबलाकडे गेल्या. दुसरी औषधांची ट्रॉली घेऊन बाहेर पडली. धाकटी दारातच उभी राहिली. थोरलीला डोळा लागला होता. उशाशी लावलेल्या पडद्यावर अकरा होता. मग नऊ. मग सहा.

बेल वाजली नाही.

चार. दोन. थोरलीची छाती हलायची थांबली आणि वॉर्डात कुठेच काही वाजत नव्हतं.

“सात!” धाकटी बेंबीच्या देठापासून ओरडली. “सात नंबर! नर्सबाई, सात!”

नर्सबाई धावल्या. खांदे गदागदा हलवले, तोंडावर मास्क दाबला, गालावर चापट्या मारल्या. चौथ्या की पाचव्या चापटीला थोरलीनं घुसमटून श्वास ओढला. आकडा पाचवर आला, मग दहावर. नर्सबाईंनी घाम पुसत मागे वळून बघितलं. “झालं म्हणालीस ना?”

धाकटी भिंतीला टेकून उभी होती आणि स्वतःच्या मूर्खपणानं तिचे कान जळत होते. ही चूक नवशिक्याची. डीबगरमध्ये बसून फाईल बदलली की समोर नव्या ओळी दिसतात, आणि माणूस फसतो. दिसतं ते नवं, चालतं ते जुनंच. फाईल स्वच्छ झाली होती, पण सहा वर्षं श्वास घेत असलेला तो चालता प्रोग्राम होता तसाच होता. मास्तरांनीच तिला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आणि आज त्यांनी तिला मुकाट फाईल स्वच्छ करू दिली होती.

“नर्सबाई, मास्तर इथं होते तेव्हा…”

“शेवटी बेलचा फार जाच व्हायचा त्यांना,” नर्सबाई म्हणाल्या. “सारखी वाजायची. एक दिवस म्हणाले, माझा संगणक द्या, मीच बघतो. मांडीवर घेऊन काहीतरी काळ्या खिडकीत टाइप करत होते. नंतर नाही वाजली. वाजलीच नाही म्हणून तर… गेलेले सकाळी कळले.”

म्हणजे जिवंतपणी मास्तरांनी फाईल नुसती उघडली होती, तिच्यात काही बदललं नव्हतं. चालत्या प्रोग्रामच्याच पोटात शिरून सातची बेल बंद केली होती, आणि स्वतःही तिथंच राहिले होते. त्यांना बाहेर काढायचं तर प्रोग्राम मारावा लागणार होता.

“तिच्या उशाशी उभ्या राहा,” धाकटी म्हणाली. “हात सोडू नका तिचा. मी आलेच.”

“बंद करायला परवानगी लागते गं!”

“माझी आहे!”

खोलीत आता थंडगार होतं. पडद्यावर, ती काही टाइप करायच्या आधीच, ओळी उमटत होत्या.

“बंद करू नकोस…”

“करणार.”

“अंधार आहे… पलीकडे…”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसानं तिला चुका कशा शोधायच्या ते शिकवलं होतं, चुकल्यावर कधी रागावला नव्हता. पण पाणी आलं म्हणून बोटं थांबली नाहीत. तिनं हुकूम दिला. डीबगरनं रीतसर विचारलं, चालू प्रोग्राम मारायचा? हो की नाही?

तिनं हात उचलायच्या आत समोर ‘नाही’ उमटलं.

तिनं पुन्हा हुकूम दिला. पुन्हा ‘नाही’. तिसऱ्यांदा ‘नाही’च्या कळेखाली तिनं डाव्या अंगठ्याचं नख अडकवून ती वर धरली, आणि ती कळ तिच्या अंगठ्याविरुद्ध थरथरत खाली दबू लागली. पलीकडून कुणीतरी जीव खाऊन रेटत होतं.

“मास्तर,” ती दात ओठ खाऊन म्हणाली, “तुमची कीव येते मला. खरंच येते. पण माझ्या बहिणीच्या जिवावर तुम्हाला झोप नाही मिळायची. जिवंतपणी ऐकलं तुमचं. मेल्यावर नाही ऐकणार!”

आणि उजव्या हातानं तिनं ‘हो’ दाबलं.

पडदा कोरा झाला. वॉर्डातून एक लांबलचक उसासा ऐकू आला, बाराही बेडवरून एकदम आल्यासारखा. तिनं स्वच्छ फाईलवरून नवा प्रोग्राम बांधायला घेतला. दोन मिनिटं लागली. ती तेवढा वेळ बहिणीच्या नावानं हाका मारत होती, आणि बाहेरून नर्सबाई “आहे, आहे, श्वास आहे” असं ओरडून उत्तर देत होत्या. मग प्रोग्राम सुरू झाला.

पाचच मिनिटांत थोरलीला पुन्हा डुलकी लागली. आकडा सातवर उतरला, आणि सात नंबरची बेल अशी कर्कश वाजली की आख्खा वॉर्ड दचकून उठून बसला. तीन नंबरच्या म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या. नर्सबाई दोन ढांगांत पोचल्या. धाकटी दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती, आणि पंखा पुन्हा करकरत फिरत होता.

थोरली पूर्ण जागी झाली तेव्हा तिनं बहिणीला जवळ बोलावलं.

“ते गृहस्थ कोण गं? महिनाभर इथं माझ्या शेजारी बसायचे.”

“कुठले गृहस्थ, ताई?”

“मला वाटलं तुमच्यातलेच कुणी. मला झोप लागली की तोंडावर हात ठेवायचे माझ्या. म्हणायचे, आवाज करू नका, बेल वाजेल.” तिनं ओठ ओले केले. श्वास आता सरळ चालला होता. “आज एकदम उठले. इतके रागावले होते… म्हणाले, धाकटीनं माझी जागा घालवली, आता तिच्याकडेच बसतो. जाताना खुर्चीही घेऊन गेले.”

धाकटीनं बेडच्या कडेला बघितलं. भेटायला येणाऱ्यांची खुर्ची तिथं नव्हती.

तिनं बहिणीचं पांघरूण नीट केलं, कपाळावरून हात फिरवला आणि नर्सबाईंना म्हणाली, “मी खोलीत आहे. बेल वाजली तर मला सांगू नका, तिच्याकडे पळा.”

वॉर्डची खुर्ची तिच्या टेबलाशी होती, तिच्या खुर्चीला अगदी खेटून. धाकटी दारात थांबली. पळावंसं वाटलं तिला, नाही असं नाही. मग ती आत गेली, दार लावून घेतलं आणि आपल्या जागेवर धपकन बसली.

“बसायचं तर बसा,” ती समोर बघत म्हणाली. “कितीही दिवस बसा. पण कीबोर्डला हात लावलात ना मास्तर, तर याद राखा.”

शेजारची रिकामी खुर्ची करकरली, आणि टेबलापासून हळूच वीतभर मागे सरकली.