म्बोक रुकेमच्या कुंपणावरचे सरडे

पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि म्बाह सस्त्रोंनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते गावाचे कारकून आणि सगळ्यांचे म्बाह, म्हणजे आजोबा. सगळ्या गावाची पत्रं तेच वाचून दाखवत, तेच लिहून देत. हे पत्र मात्र त्यांनी जाड शब्दकोशात दडवलं होतं आणि सुट्टीला आलेल्या त्यांच्या नातीला, तेरा वर्षांच्या निंग्रुमला, ते नेमकं सापडलं.

"'माझ्या आईला गावात चेटकीण म्हणतात, असं कानावर आलंय,'" तिने धाकट्या भावाला, पांजीला, वाचून दाखवलं. "'खरं असेल तर कळवा. घर विकून तिला इकडे सुमात्राला घेऊन येतो. सुपार्नो.' म्हणजे त्या एकट्या राहणाऱ्या म्बोक रुकेमचा मुलगा."

"दुसऱ्याची पत्रं वाचतेस?" पांजी म्हणाला. "पुढे वाच."

"संपलं."

शेजारची सेकार दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "आज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, इथे ओसरीवर बैठक आहे. म्बोकला गाव सोडायला सांगणार आहेत. तिच्या काटेरी लिंबाच्या कुंपणावर सरडे टोचलेले असतात. जितके सरडे तितकी माणसं आजारी पडणार म्हणे. पलीकडच्या बु तुमीचं बाळ कालपासून तापाने फणफणलंय."

"तू पाहिलेस सरडे?"

"लांबून."

"किती लांबून?"

"पळता पळता," सेकारने कबूल केलं.

अर्ध्या तासाने तिघं कुंपणापाशी होती. सरड्यांची बोलवा झाल्यापासून दोन वर्षांत या वाटेने कोणी फारसं फिरकलं नव्हतं. गवत कमरेपर्यंत वाढलं होतं. भर दुपार होती, पान हलत नव्हतं. घरातून म्बोकच्या कांडणाचा आवाज येत होता, धप्प, धप्प, धप्प.

पहिला सरडा पांजीला दिसला. मानेतून काटा आरपार गेलेला आणि शेपटी खाली लोंबत होती. पलीकडे एक वाळलेला बेडूक. त्याच्या वर एक मुनिया पाखरू, त्याला डोकंच नव्हतं.

सेकारने निंग्रुमची वेणी घट्ट धरली. "पाहिलंस ना? चल आता."

"मला घरी जायचंय," पांजी म्हणाला. "घाबरलो नाहीये. भूक लागलीय."

तेवढ्यात कुंपणातून कोंबडीच्या पिल्लाचा चिवचिवाट आला. पिल्लू मात्र कुठेच नव्हतं. मग त्याच फांदीतून बुलबुल बोलला. आणि मग एक कर्कश, खरखरीत किंकाळी उठली. पांजी मटकन खाली बसला. तिघांनी डोळे मिटले.

निंग्रुमने ते आधी उघडले. समोरचा काटा मघाशी मोकळा होता, हे तिला नक्की आठवत होतं. आता त्यावर एक नाकतोडा होता. त्याचे पाय अजून हलत होते.

धप्प, धप्प, धप्प. आतलं कांडण थांबलं नव्हतं.

"म्बोक तर आत आहे," ती कुजबुजली. "मग हे कोणी केलं?"

त्या प्रश्नाने तिघांना जास्तच भीती वाटली. सेकार तोंडातल्या तोंडात दुआ म्हणू लागली. पळावं असं निंग्रुमलाही वाटत होतं, पण नजर त्या काट्यावरून हटेना.

फांदी हलली. एक पक्षी उतरला. विटकरी पाठ, लांब शेपटी, डोळ्यांवरून काळी पट्टी, टोकाला वाकडी चोच. चोचीत पालीचं पिल्लू होतं. त्याने ते काट्यावर दाबलं, ओढून पाहिलं, पुन्हा दाबलं आणि एक तुकडा तोडून खाल्ला.

"हा चेंडेत आहे," निंग्रुम म्हणाली. "म्बाहंच्या पिंजऱ्यात आहे तसलाच. मघाचे आवाजही याचेच."

चेंडेत गावात घरोघरी होते. घरट्यातूनच पिल्लं काढायची, हाताने भरवायची, पिंजऱ्यावर कापड टाकून दुसऱ्या पक्ष्यांची बोली शिकवायची आणि स्पर्धेला न्यायची. त्यामुळे मोकळा चेंडेत कोसभरात उरलाच नव्हता. मोकळा असताना तो काय खातो, कसा खातो, हे गावातल्या कोणीच पाहिलं नव्हतं.

"इथे कोणी पकडायला येत नाही म्हणून वाचला," सेकार म्हणाली. "सांगितलं तर तो पक्षी विकणारा पाक जुमादी आजच घरटं काढून नेईल."

"आणि नाही सांगितलं तर म्बोक जाईल," निंग्रुम म्हणाली. तिने लिंबाची एक काटेरी डहाळी मोडली.

बैठकीला अख्खं गाव लोटलं. म्बोक रुकेमला बोलावून पायरीवर बसवलं होतं. तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. म्बाह सस्त्रो वही उघडून मान खाली घालून होते.

"लिहा, कारकून," गावप्रमुख पाक वागिमान म्हणाले.

"थांबा," निंग्रुम म्हणाली. सगळे वळले. तिने पुढे होऊन आजोबांच्या पिंजऱ्यात डहाळी अडकवली आणि एक नाकतोडा सोडला.

"कारकुनांची नात पक्ष्याला साक्षीला बोलावतेय," पाक जुमादी म्हणाला. लोक हसले.

पक्ष्याने नाकतोडा उचलला. तो खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. निंग्रुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा पक्षी काट्यापाशी गेला, मान तिरकी केली आणि नाकतोडा काट्यावर दाबून बसवला.

ओसरीवर कोणी हसलं नाही.

"कुंपणावर हाच प्रकार आहे," निंग्रुम म्हणाली. "आम्ही तिघांनी पाहिलाय. म्बोक तेव्हा आत कांडत होती."

"म्हणजे तिथे मोकळा चेंडेत आहे?" जुमादी उठलाच.

म्बोक रुकेम पहिल्यांदा बोलली. "जुमादी, दोन वर्षं माझ्या कुंपणाला घाबरलास. आणखी घाबरत राहा. त्या घरट्याला हात लावलास तर मी खरंच काहीतरी करीन."

जुमादी खाली बसला. पाक वागिमान घसा खाकरून म्हणाले, "घरट्याला कोणी हात लावायचा नाही. बु तुमी, बाळाला आत्ता दवाखान्यात न्या, माझी सायकलगाडी घ्या. आणि पोरांनो, आम्ही इतकी मोठी माणसं, एकालाही जवळ जाऊन बघायचं सुचलं नाही. तुम्ही गेलात."

म्बाह सस्त्रोंनी वही मिटली. "सहा वर्षं हा पक्षी माझ्या डोक्यावर टांगलेला आहे," ते हळूच म्हणाले. "आणि मी पुस्तकं वाचत बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: 'सुपार्नो, ऐकलंस ते खरं होतं. चूक आमची होती, उत्तराला उशीर केला ती माझी. आईला नेऊ नकोस. ती इथेच राहील. पुढच्या सुट्टीत तूच ये.'

टपालपेटीपाशी त्यांचा हात फटीतच थांबला. "'चूक' ऐवजी 'अपराध' लिहायला हवं होतं का गं?"

"म्बाह," निंग्रुम म्हणाली, "सोडा."

त्यांनी पत्र सोडलं.